झाकणाखालचा हात

प्रकाशाचा एकेक कण मोजणारं ते यंत्र उद्या दुर्बिणीवर चढायचं होतं. झाकण बंद, आत मिट्ट काळोख. पडद्यावर प्रकाशकणाचा एखाददुसरा ठिपका चालला असता. पण ठिपके वाढतच होते आणि चाचणी घेणाऱ्या संशोधिकेचा जीव थाऱ्यावर नव्हता.

झाकण नीट बसलंय ना, म्हणून तिने त्यावर तळहात दाबला. ठिपके गोळा होत गेले आणि पडद्यावर एक तळहात उमटला.

“हात काढा बघू, ताई,” मागून तंत्रज्ञ काका म्हणाले.

“केव्हाच काढलाय.” हात तिने कोटाच्या खिशात घातला होता.

पडद्यावरचा तळहात तसाच होता. मग कुणाचा हात धरावा तशी त्याची बोटं हळूहळू मिटली.

“ताई, काय झालं?”

तिला खिशातून हात काढता येईना.