वाढीव पंधरा मिनिटं

मुलाला जाऊन चार महिने झाले होते, आणि आज संध्याकाळी त्याने पंधरा मिनिटं वाढवून मागितली.

चष्मेवाल्याच्या हातात तेव्हा गिऱ्हाइकाची फ्रेम होती. बाजूला ठेवलेल्या फोनवर ओळ उमटली : 'तुमच्या मुलाला आणखी पंधरा मिनिटं हवी आहेत.' खाली दोन बटणं, परवानगी आणि नकार. समोरची बाई आपल्या लेकाचं गाऱ्हाणं सांगत होती, कार्टं जेवतानासुद्धा फोन सोडत नाही म्हणून. एरवी अशा वेळी चष्मेवाल्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आज तो एवढंच म्हणाला, उद्या या.

मुलं आणि फोन या विषयात त्याचा शब्द शेवटचा होता. दुकान चष्म्याचं, आणि पोरांना चष्मा लागू नये म्हणून ह्याचाच जिवाचा आटापिटा; अशाने आपण उपाशी मरू, असं बायको हसून म्हणायची. गल्लीतली पोरं त्याला बघितलं की फोन पाठीमागे लपवत. स्वतःच्या मुलाचा नंबर वाढला तसं त्याने मुलाच्या फोनला कुलूपच घातलं. रोज अर्धा तास, मग फोन आपोआप बंद. जास्त हवं तर बापाकडे मागायचं, आणि बाप बहुतेक वेळा नाहीच म्हणायचा. मुलगा दोन दिवस धुसफुसला, मग गोष्टींच्या पुस्तकांत डोकं खुपसून बसू लागला. बापाला धन्य धन्य वाटलं.

मुलगा तापाने दवाखान्यात होता तेव्हाही नियम मोडला नाही. शेवटच्या संध्याकाळी अशीच मागणी आली होती. दुकानात गर्दी होती. त्याने सवयीने नकार दाबला. ते बघून एका गिऱ्हाइकाने कौतुक केलं, बाप असावा तर असा. पहाटे मुलगा गेला.

दहा वर्षांच्या पोराला शेवटचा खेळसुद्धा पुरा खेळू दिला नाही, ही गोष्ट त्याला तेव्हापासून आतून खात होती. ती त्याने कुणालाही सांगितली नव्हती. मुलाचं नाव काढून टाकायला तो दोनदा फोन घेऊन बसला. 'हे मूल यादीतून काढायचं का?' असं फोनने विचारलं. त्याला हो म्हणवेना. म्हणून नावही राहिलं आणि कुलूपही.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मागणी आली. तिसऱ्या संध्याकाळीही. त्याने ना परवानगी दिली ना नकार. नकार द्यायची आता छाती नव्हती, आणि परवानगी द्यायची तरी कुणाला? दुकानातल्या आरशांत त्याला आपलाच चेहरा ओळखू येईना.

चौथ्या दिवशी मागणी आल्या आल्या त्याने शटर ओढलं आणि घर गाठलं. बायको कपड्यांच्या घड्या करत होती. मुलाचा फोन कुठाय, असं त्याने विचारलं. तिने मान वर केली नाही. दवाखान्याच्या पिशवीतून तो घरी आला होता, धाकटीने हट्टच धरला, म्हणून चार्ज करून तिच्या हाती दिला, तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही, असं ती घडीकडे बघतच म्हणाली.

मुलाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सहा वर्षांची धाकटी भावाच्या पलंगावर बसली होती. बापाला बघताच तिने फोन पाठीमागे लपवला. तो तिच्याशेजारी बसला. ओरडला नाही, तेव्हा तिने हळूहळू सगळं सांगितलं. दवाखान्यात लहान मुलांना सोडत नसत. म्हणून दादा रोज संध्याकाळी तिच्यासाठी फोनमध्ये गोष्ट सांगून ठेवायचा. घरी आल्यावर ती दोघांनी मिळून ऐकायची, असं ठरलं होतं. खेळ तो एकही खेळला नव्हता.

“माझ्याकडे रोज तू वेळ मागतेस?” चष्मेवाल्याने विचारलं.

“हो. आता मला वाचता येतं ना. आधी बटण कुठलं तेच कळायचं नाही.”

अर्धा तास पुरत नाही का, असं त्याने विचारलं. पुरतो, ती म्हणाली, सगळी गोष्ट ऐकून झाली. मग वाढीव वेळ कशाला? तुम्ही द्या तर खरं, असं म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने खिशातून आपला फोन काढला. त्याने परवानगी दाबली.

मुलाचा फोन उघडला. धाकटीने सराईतपणे सगळ्यात खालची गोष्ट लावली. खोलीत मुलाचा आवाज आला, धापा टाकणारा, पण खुशीतला. गोष्टीतला म्हातारा खलाशी बेटावरच्या एकुलत्या एका घरापाशी पोहोचला होता. त्याने दार ठोठावलं. आतून कुणीतरी कडी काढली. इथे मुलाला खोकला आला. मग तो घाईघाईने म्हणाला, “थांब हं, माझा अर्धा तास होत आला. बाबांकडे पंधरा मिनिटं मागितलीयत. त्यांनी दिली की आत कोण होतं ते सांगतो.”

पुढे काही नव्हतं. चष्मेवाल्याने पलंगाची कड घट्ट धरली. धाकटीने जरा वाट बघितली, मग फोन तोंडाजवळ नेला.

“दादा, बाबांनी दिली बघ. सांग आता.”