शेकलेले सेल

"माझ्या रेडिओत दिवाळीला घातलेले सेल हायेत, आन् आता शिमगा आला," पुंजाराम अंगणात जमलेल्या सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाला. "अजून एक बी उतरला न्हाई. सेल वापरायला बी अक्कल लागती, गहिनीनाथा. बातम्या झाल्या की मी सेल काडून घेतो. नुसतं आत ठिवलं तरी मसाला झिरपतो."

"आन् काडून ठिवतोस कुठं?" शेजारच्या गहिनीनाथनं विचारलं.

"खुडूक कोंबडीखाली. रातंदिस ऊब."

वस्तीनं माना डोलावल्या. रेडिओ तसा त्याच्या बायकोचा, मालनबाईचा. मिलिटरीतल्या भावानं तिला आणून दिलेला. सेल तेवढे नवऱ्याचे.

आज संध्याकाळी पुणे केंद्रावरून मालनबाईच्या जात्यावरच्या ओव्या लागणार होत्या. मागच्या महिन्यात तिला पुण्याला बोलावून आवाज भरून घेतला होता. लागणार एकदाच. राजूरहून तिची आई चांगुणाबाई दोन एस.ट्या बदलून आली होती आणि दुपारपासून रेडिओसमोर डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

"अवं, बाजारातनं नवं सेल आना म्हनलं हुतं," मालनबाई हळूच म्हणाली.

घोडेगावच्या बाजारातून पुंजारामनं बैलाला घुंगरमाळ आणली होती.

"तू गान्याचं बघ. सेलाचं मी बघतो," तो म्हणाला आणि खुराड्यात हात घातला. पहिल्यांदा अंडं निघालं. ते परत ठेवताना कोंबडीनं बोट फोडलं. मग एकेक करून तीन सेल निघाले. एकाला पीस चिकटलं होतं. बोट चोखत त्यानं ते धोतराला पुसले आणि बसवले.

रेडिओ लागला. पोरंसुद्धा गप्प झाली.

"आता ऐकू या," निवेदक म्हणाला, "नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या मालनबाई यांच्या आवाजात..."

गावाचं नाव आलं तशी वस्ती ताठ बसली. मालनबाईचा पहिला 'गं' आला. दुसरा 'गं' निम्मा आला. पुढचं सगळं मुंगी बोलल्यासारखं झालं.

पुंजारामनं आवाजाचं बटन पुरं पिळलं. रेडिओला चापट मारली, मग दुसऱ्या अंगानं मारली. चांगुणाबाईनं पदर सारून कान लावला.

"कायतरी कुजबुजतंय," ती म्हणाली. "मालन, तू हाईस का ही?"

"व्हय, आये."

"पुंजा, माझ्या बॅटरीत तीन नवे सेल हायेत," गहिनीनाथ उठलाच. "आनतो पळत. चप्पल घालायचा बी येळ न्हाई लागायचा."

पुंजारामनं एकदा वस्तीकडं बघितलं.

"काय गरज न्हाई. शेकलं की उठत्यात."

सेल काढून तो चुलीकडं धावला. तिथं त्याची भावजय झुंबरबाई पाहुण्यांच्या भाकरी भाजत होती. त्यानं तव्यावरची भाकरी काढून तीन सेल टाकले.

"वैनी, उलटत ऱ्हावा. एका अंगानं करपाया नको."

"पापुद्रा आला की सांगते, भावजी," झुंबरबाई म्हणाली.

अंगणातून कुणीतरी ओरडलं, "पुंजाभाऊ, कडा बी भाजा!" पुंजाराम हसला नाही. त्यानं सेल फडक्यात धरून आणले आणि फुंकर मारत आत कोंबले.

रेडिओ असा कडाडला, की दावणीचा बैल उठून उभा राहिला.

"...या ओव्या आपण ऐकल्या. शेतकरी बंधूंनो, आता माहिती घेऊ या शेळ्यांना होणाऱ्या जंतांविषयी."

जंत किती प्रकारचे, ते स्वच्छ ऐकू येत होतं.

"आता लई खनखनीत येतंय, जावाई," चांगुणाबाई म्हणाली. ती टोमणे मारणारी बाई नव्हती. पुंजाराम खाली बघून बोटाचं रक्त पुसत राहिला. ते मघाशीच थांबलं होतं.

"मालनवैनी, तुमीच म्हना की आता," गहिनीनाथ म्हणाला. "आमी हितंच ऐकतो."

"न्हाई भावजी," मालनबाई उठली. "गळा काडून ठिवलाय. उगं कशाला झिरपवायचा?"

ती आत गेली आणि झुंबरबाईच्या हातातलं उलथनं घेतलं.

निदान जंत तरी थांबवावेत म्हणून पुंजारामनं बटन बंदच्या बाजूला पिळलं. बटन हातात आलं. त्यानं मागचं झाकण उघडलं. शेकून फुगलेले सेल आत घट्ट बसले होते. उलथनं मागायला तो दारापर्यंत गेला आणि परत आला. मग सुरी घातली. सुरी वाकली.

शेळ्या संपल्या. बाजारभाव झाले. दिल्लीच्या बातम्या लागल्या तशी वस्ती एकेक करून उठली. जाताना कुणी पुंजारामला 'येतो' म्हणालं नाही. त्यानं रेडिओ गोधडीत गुंडाळला आणि नेऊन बाजरीच्या कणगीत पुरला. जेवणं झाली, त्यानं ताट नको म्हणून सांगितलं. कणगीत सतार वाजत होती.

चांगुणाबाईनं आपली वाकळ उचलली आणि कणगीला लागून अंथरली.

"आये, हितं कशाला?" मालनबाईनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. न जानो, ओवी परत लागली तर."

केंद्र बंद होईपर्यंत सेल टिकले.