बैठकीतल्या गादीचा वास

वामनरावांनी गुलाबाच्या अत्तराची अख्खी कुपी गादीवर ओतली, वाकून वास घेतला आणि फटाफट शिंकले. आता गुलाबाच्या बागेत मांजर मुतल्यासारखा वास येऊ लागला होता.

"पोत्यात घाल त्या भुरीले!" ते गरजले. "बद्रुद्दीनशेठ येऊन गेले का तिले बडनेऱ्याच्या वाटेवर सोडून येतो."

भुरी गोदाबाईंची मांजर. त्या घरात गोदाबाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा जीव तेवढाच. मूलबाळ झालं नाही, आणि नवरा बोलायचा तो फक्त कापसाशी. भुरी गेली तर भिंतीशी बोलावं लागलं असतं. खुंटीवरच्या त्या रिकाम्या पोत्याकडे पाहून गोदाबाईंनी भुरीला जवळ ओढलं.

वामनराव अमरावतीतले बडे दलाल, निदान कापसाची ती तेजी होती तोवर. तिकडे अमेरिकेत यादवी पेटून भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसले होते, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे वऱ्हाडात कापूस सोन्याच्या भावानं जात होता. कालपर्यंत ज्यांच्या बैलांना धड पेंड मिळत नव्हती त्यांच्या गळ्यात चांदीची घुंगरं आली. बैलांच्याच, मालकांच्या नव्हे. लोकांनी घरातल्या गाद्या उसवून कापूस विकला आणि चटईवर झोपून ते श्रीमंत झाले. वामनरावांच्या घरातही एकच गादी उरली होती, बैठकीतली. गोदाबाईंच्या बापानं लग्नात दिलेली. बायकोच्या माहेरची ती गादी मी उसवणार नाही, असं त्यांनी देव्हाऱ्यापुढं शपथेवर सांगितलं होतं. केवढा हा त्याग! येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो आवर्जून ऐकवत.

"अवो, अत्तरानं मांजराचं नाक फसते का?" गोदाबाई म्हणाल्या. "जथी तिले आपला वास येते, तथीच ते परत बसते. गादी उसवा. कापूस उन्हात टाका. खोळ राखेनं सुकवू, मंग रिठ्याच्या पान्यात धुवू. वास मुळासकट जाते."

"गादी उसवाची नाई!" वामनराव एकदम ओरडले. मग जरा सांभाळून म्हणाले, "तुह्या बापाची निशानी आहे ते. त्यापक्षा वरून चुना टाक."

"चुना काहून? पाय चाटते ते. तोंड पोळंन तिचं. मुक्या जनावराले मारता का?"

बायकोच्या बापाबद्दल वामनरावांना एवढा उमाळा आजवर कधी आला नव्हता. तेवढ्यात कुर्बान पिंजारी तार वाजवत दारावरून गेला. गादीचा कापूस पिंजून घ्यायला गोदाबाईंनी त्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर वामनरावांनी धावत जाऊन त्यालाच वाटेला लावलं. मग गादीवर कोरी चादर पसरली, कोपऱ्यात ऊद जाळला, भुरीला स्वयंपाकघरात कोंडलं आणि सगळा बंदोबस्त चोख झाल्याच्या थाटात मिशीवर हात फिरवला. धुरानं त्यांच्याच डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

बद्रुद्दीनशेठ अकोल्याहून आले. मोठे खरेदीदार. मागच्याच पंधरवड्यात वामनरावांकडून कापसाच्या गाठी घेऊन गेले होते, आणि आता सबंध हंगामाचा सौदा त्यांच्या एका शब्दावर होता. शेठ गादीवर टेकले, टेकल्याबरोबर उठले आणि खाली जमिनीवर बसले.

"बायकोचं मांजर आहे," वामनराव हात जोडून म्हणाले. "घानेरडं जनावर. आजच पोत्यात घालून सोडून देतो. तुमी भाव बोला."

शेठनी रुमाल काढून हातावर टाकला. बाजाराची रीतच ती. रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, भाव ठरवायचा. बाजूला बसलेल्याला सुगावा लागत नाही. वामनरावांनी मोठ्या उत्साहानं हात आत घातला.

रुमालाखाली बोटं नव्हती. मूठभर कापूस होता.

"तुमच्या गाठीतला आहे, भाऊ," शेठ म्हणाले. "अकोल्यात गाठ सोडली अन् सारा बाजार नाक धरून पळाला. आता तुमच्या गादीवर बसलो, तं तोच वास!"

"आमचा नाईच तो! कोना दुसऱ्याचा असंन. कापसावर कोनाचं नाव लिहून राह्यते का?"

शेठनी तो कापूस जमिनीवर ठेवला. तेवढ्यात गोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातून भुरी निसटली. ती वामनरावांच्या पायांवरून गेली, गादीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट कापसापाशी आली. हुंगलं, पंजानं उकरलं, आणि घरच्या माणसासारखी निवांत त्यावर बसली.

"लो भाऊ," शेठ उठत म्हणाले, "गवाह बी आली."

 गोदाबाईंनी तांब्या खाली ठेवला. मागच्या पंधरवड्यात आपण माहेरी गेलो होतो, हे त्यांना आठवलं. त्यांनी विळा आणला आणि गादीची शिवण टराटरा उसवली. आतून जुनी धोतरं निघाली, फाटकी पागोटी निघाली, आणि गोधडीसाठी जपून ठेवलेली, माहेराहून आल्यापासून सापडत नसलेली त्यांची स्वतःची लुगडी निघाली. बापाच्या कापसाचं एक बोंडही नव्हतं. गोदाबाईंचे डोळे भरून आले. पण रडायला वेळ नव्हता.

त्यांनी भुरीला काखेत घेतलं, खुंटीवरचं पोतं काढून झटकलं आणि नवऱ्यापुढं उघडं धरलं.

"मंग अवो, बडनेऱ्याले आता कोन जाते?"