पहिल्या बास्केटपर्यंत
बास्केटबॉलच्या मॅचला आपल्या कॉलेजची पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी बसायचं नाही, हा गावचा रिवाज. म्हणून व्हर्जिल वृद्धाश्रमातल्या टीव्हीसमोर वॉकर धरून एकटाच उभा होता. चेंडू काही केल्या जाळीत जाईना. “आजोबा, बसा की! पाय लटपटताहेत,” नर्स म्हणाली. “आमचा डावखुरा मॉन्टे खेळत असता, तर केव्हाच बसलो असतो.” “तुमचा मॉन्टे टकला झालाय, विमे विकतो!” मॉन्टेवर खरा जीव होता व्हर्जिलच्या बायकोचा, अर्डिसचा. तो शिकून बाहेर पडला, तरी दर मॅचला “मॉन्टे असता, तर...” म्हणून ती हळहळायची. बास्केट पडली, की व्हर्जिलचा स्वेटर मागून ओढायची, “खाली बस रे, मागच्यांना दिसत नाहीये!” इतक्यात चेंडू जाळीत पडला. टीव्हीतलं अख्खं स्टेडियम बसलं. “बसा आता!” नर्स हसली. व्हर्जिल उभाच राहिला. त्याचा स्वेटर अजून कुणी ओढला नव्हता.