योरिनची फुप्फुसं

बारा वर्षं मी सायकल शर्यतींत आमच्या संघाच्या म्होरक्याचा, योरिनचा पाणक्या होतो. त्याला बाटल्या पोचवायच्या, समोरचा वारा आपल्या अंगावर घ्यायचा, त्याचं चाक फुटलं की आपलं काढून द्यायचं. गेल्या आठवड्यात मी निवृत्त झालो, एकही शर्यत न जिंकता.

आज रविवारी आमच्या गावातल्या कॅफेत सगळे टीव्हीवर योरिनच्या शरीरावरचा माहितीपट बघत होते. प्रयोगशाळेतली सायकल, फिरणारे पाय आणि तोंडावर चढवलेला मास्क, एवढंच दिसत होतं. आकडे दाखवत निवेदक म्हणाला, "अशी फुप्फुसं पिढीत एखाद्यालाच मिळतात. हा माणूस जिंकायलाच जन्माला आलाय."

पप्पांनी बिअरचा ग्लास खाली ठेवला. "बघ, याला म्हणतात शरीर. मी उगाच तुला इतकी वर्षं बोलत राहिलो रे. तुझ्यात नव्हतंच ते."

"हो ना, पप्पा," मी म्हणालो.



चित्रीकरणाच्या दिवशी योरिन तापाने पडला होता, म्हणून संघाने नेहमीसारखं मलाच पुढे केलं होतं. आकडे मात्र मला आज कळले.