खुंटीवरचा मास्क

जंगल पेटल्यापासून आम्ही सासूसुना घरात कोंडून होतो. खिडक्यांना चिकटपट्टी, दाराच्या फटीला ओला टॉवेल. सासूबाईंना दमा, त्यामुळे दार उघडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

हे आग विझवायला गेले, ते परतलेच नाहीत. जाताना त्यांचा मास्क खुंटीवरच राहिला. तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी तिथे कोरा मास्क अडकवायच्या. "विसरभोळा आहे तो," म्हणायच्या. मी वाद घालणं सोडलं होतं.

त्या संध्याकाळी मी मास्क काढायला गेले, तर तो बाहेरून काळा पडला होता. घरात धुराचा मागमूसही नव्हता.

"रोज तसाच होतो," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "म्हणून तर रोज नवा लावते."

मी तो उलटा केला. दिवसभर कुणीतरी घातल्यासारखा आतून ओलसर होता. मला राहवलं नाही, मी तो गालाशी धरला. अजून कोमट होता.

दारापलीकडे कुणीतरी खोकलं, मग यांच्यासारखा घसा खाकरला.

सासूबाईंनी इनहेलर मुठीत घट्ट धरला.

"टॉवेल काढ गं," त्या म्हणाल्या. "किती वेळ ताटकळत ठेवशील त्याला?"