डाळिंब्यांची उसळ

शिर्के नुसत्या दोन पोळ्या घेऊन जेवायच्या टेबलाकडे आले, की वझेबाई डब्यावर झाकण ओढायच्या. डाएटच्या नावाखाली हे गृहस्थ नऊ वर्षं ऑफिसभर चरत होते.

आज शिर्क्यांचं बदलीआधीचं शेवटचं जेवण. बाईंनी तासभर वाल सोलून केलेली डाळिंब्यांची उसळ नाक मुरडत पुढे केली.

शिर्क्यांनी घास घेऊन डोळे मिटले. "बाई, गूळ बदललात. नेहमीचा खमंग होता. आता मला ही उसळ कोण देणार?"

एका फुकट्याला आपल्या हातची चव इतकी पाठ असावी, याचा बाईंना भयंकर राग आला.

संध्याकाळी उरलेली उसळ त्यांनी नवऱ्याला वाढली. मोबाइलवरची नजर न काढता त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं.

"कशी झालीय?" बाईंनी विचारलं.

"मटकीला काय व्हायचंय? मटकीसारखी मटकी."